नाल काढल्यानंतर दुखणारे खूर : गोव्यातील घोडेपाळांसाठी काही सूचना

नाल काढल्यावर पहिल्या काही दिवसांत घोडा खडीवर आखूड पावले टाकू लागतो, रस्त्याची कड शोधतो, कधी मध्येच थबकतो. आणि अशा वेळी ‘चालू दे, आठवडाभरात सवय होईल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. पाय दुखत असला की घोडा टाच टेकवायचे टाळून खुराचे टोक आधी टेकवतो, त्यामुळे टाचेकडच्या मऊ भागावर भार पडत नाही आणि जो भाग बळकट व्हायला हवा तोच कमकुवत राहतो. खूर कणखर होतो तो न दुखता रोज चालल्याने.

मात्र हे साधे हळवेपण आहे की आजार, याची खात्री आधी करून घ्यावी. साधे हळवेपण बहुधा दोन्ही पुढच्या पायांत सारखे असते, खडीवर जाणवते आणि मऊ मातीवर जवळजवळ नाहीसे होते. एकच पाय एकाएकी टेकवेनासा झाला तर खुरात गळू झाल्याची किंवा काहीतरी रुतल्याची शंका घ्यावी. खिळा रुतलेला दिसल्यास तो आणखी आत जाणार नाही अशी व्यवस्था करून, शक्यतो न उपटता पशुवैद्याला बोलवावे आणि धनुर्वाताच्या लसीचे विचारावे, कारण घोड्याला धनुर्वात फार सहज होतो. याहून गंभीर म्हणजे लॅमिनायटिस, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणाऱ्या थरांची सूज. त्यात घोडा पुढचे पाय पुढे ताणून, भार मागच्या पायांवर टाकून उभा राहतो, वळताना अडखळतो, खूर गरम लागतात आणि खुरावरच्या सांध्याच्या मागे दोन्ही कडांना बोटे टेकवली असता नाडीचे ठोके ठळक जाणवतात. निरोगी पायात हीच नाडी शोधावी लागते. म्हणून घोडा ठीक असतानाच ती रोज चाचपण्याची सवय ठेवावी. लॅमिनायटिसची शंका आली तर चालवणे पूर्ण थांबवावे, चंदी (दाण्याचा खुराक) बंद करावी, जाड मऊ अंथरुणावर घोड्याला ठेवावे, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवता आल्यास ठेवावेत आणि त्याच दिवशी पशुवैद्याला आणावे.

आजार नसल्याचे ठरल्यावर पहिला प्रश्न खूर कापण्याचा. पुष्कळ नालबंद नाल ठोकण्यापूर्वी तळवा जसा सपाट खरवडतात, तसाच तो नाल काढतानाही खरवडतात, आणि निम्मे दुखणे तिथेच सुरू होते. नालेविना चालणाऱ्या घोड्याला तळव्याची प्रत्येक मिलिमीटर जाडी हवी असते. तळव्याला आणि मधल्या त्रिकोणी, रबरासारख्या भागाला हत्यार लावू नये, सुटलेले तुकडे तेवढे काढावेत आणि खुराच्या भिंतीची कड कानशीने गोल करून घ्यावी, म्हणजे जुन्या खिळ्यांच्या भोकांपासून कपचे उडणार नाहीत. पुढे दर ४ ते ६ आठवड्यांनी कानस फिरवावी. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. टोकाकडची भिंत पूर्ण नवी यायला ९ ते १२ महिने लागतात, तेवढा धीर मालकाने धरावा.

आपल्याकडची जमीन या कामात सोपी नाही. पावसाळ्यात खूर पाणी पिऊन मऊ पडतात, आणि सत्तरी, डिचोलीकडच्या रस्त्यांवर जांभ्याची धारदार खडी मातीतून वर आलेली असते. ज्यांनी अजून नाल काढलेली नाही त्यांनी, माझ्या मते, ऐन पावसात ती काढू नये. पाऊस सरून जमीन वाळल्यावर काढावी. समुद्रकिनारा अनेकांना उत्तम वाटतो आणि ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू खरोखरच चांगली असते, पण ती कानशीसारखी खूर झिजवते, तर वरची कोरडी, खोल वाळू स्नायुबंधांवर ताण आणते. सुरुवातीला १५–२० मिनिटे कदम चाल पुरे. फुटक्या बाटल्यांच्या काचांवर नजर ठेवावी आणि परतल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन कोरडे करावेत.

खडीचा रस्ता टाळता येत नसेल तर खुरांचे बूट वापरावेत. खर्च होतो, पण मला याहून उपयोगी दुसरे साधन दिसलेले नाही. माप खूर कापल्यानंतरच, प्रत्येक पायाचे वेगळे, रुंदी व लांबी मिलिमीटरमध्ये घ्यावे. आत मऊ गादी घालावी, वाळू शिरली का आणि टाचेवर कातडे घासले का हे प्रत्येक फेरीनंतर पाहावे, आणि रात्री बूट काढून खूर वाळू द्यावेत. बूट येईपर्यंत जाड फोमचा तुकडा तळव्याला रुंद चिकटपट्टीने बांधता येतो. पट्टी खुरावरच राहावी, केसांच्या रेषेवर आवळू नये.

तबेल्यात रबरी चटई आणि त्यावर लाकडाचा कोरडा भुसा असावा. ओले शेण-मूत लगेच उचलावे. खूर रोज खरवडून साफ करताना मधल्या खाचेतून काळा, दुर्गंधी स्राव आला तर खूर कुजू लागल्याचे समजावे. खाच धुऊन, कोरडी करून त्यात सौम्य पोव्हिडोन आयोडीनचा कापूस बसवावा. खूर लवकर टणक व्हावा म्हणून फॉर्मेलिन किंवा कडक मोरचूद लावण्याचा मोह टाळावा. ते जिवंत भाग भाजतात. वेदनाशामक देऊन घोड्याला कामाला जुंपणे तर सर्वस्वी चूक आहे.

खाण्यात गूळ आणि जास्तीची चंदी कमी करून चांगले वाळलेले गवत वाढवावे. भाताचा पेंढा आणि कोंडा यांवरच भागवले तर तांबे, जस्त आणि कॅल्शियम अपुरे पडते. खनिज मिश्रण पशुवैद्याला विचारून सुरू करावे. मोठ्या घोड्याला रोज १५ ते २० मिलिग्रॅम बायोटिन देतात, पण त्याचा परिणाम नव्याने वाढणाऱ्या खुरातच दिसतो.

बूट कधी सोडायचे ते घोडा सांगतो. आठवड्यातून एकदा त्याला सैल दोराने खडीच्या एकाच ठरलेल्या पट्ट्यावरून न्यावे आणि बाजूने पाहावे: टाच आधी टेकते का, मान सैल आहे का, पावलाची लांबी मातीवरच्याएवढी आहे का. तिन्ही उत्तरे होकारार्थी आली तर दुसऱ्या दिवशी ५ मिनिटे बुटांविना चालवावे, आणि त्याच संध्याकाळी नाडी पुन्हा चाचपावी.