क्रूझ शिपचं चालणारं मॉडेल बनवताय? आधी वजनकाटा आणा

मॉडेल बनवायचं म्हटलं की लोक आधी रंग, लाइट आणि भोंगा यांचाच विचार करतात, मीपण केला होता. माझं पहिलं जहाज दिसायला एक नंबर होतं आणि पाण्यात सोडल्यावर साधारण चार सेकंदांत आडवं झालं. म्हणून सांगतो, खर्च कशावर करायचा असेल तर पहिला किचनमधल्या डिजिटल वजनकाट्यावर करा, बाकी सगळं नंतर. क्रूझ शिप म्हणजे पाण्यावर तरंगणारी सोसायटीची बिल्डिंग आहे, मजल्यावर मजले, आणि पाण्याखाली त्या मानाने अगदीच थोडं. खरी बोट बांधणाऱ्यांना जी अडचण येते तीच आपल्याला येते, फक्त आपल्याकडे इंजिनिअर नसतात.

कुठलं जहाज घ्यायचं? आजकालची ती अवाढव्य जहाजं, जिथे एका बाजूला चारपाचशे बाल्कन्या, ती पहिल्यांदा करणाऱ्याने घेऊच नयेत, दोन वर्षं नुसत्या बाल्कन्या कापत बसाल. मी घेतली आंग्रिया. हीच ती ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा सुरू झाली होती ती, नाव कान्होजी आंग्र्यांवरून आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात जी आंग्रिया बँक आहे तिच्यावरून. लांबी १३१ मीटर, रुंदी १७ च्या थोडी वर. लांबट, अरुंद, मजले मोजके, बाल्कन्यांचा जाच नाही.

एक ट्रिक सांगतो, आंग्रियाचे फोटो शोधून कंटाळलात तर तिचं आधीचं नाव टाका, ओगासावारा मारू. जपानमध्ये १९९७ ला बांधली, टोकियोहून चिचिजिमा बेटावर जायची, साधारण १००० किलोमीटर, साडेपंचवीस तासांत. जपानी लोक बोटींचे फोटो काढण्यात पक्के वेडे, बाजूने, मागून, धक्क्यावरून, सगळीकडून काढलेले मिळतात. फक्त नाव जपानी लिपीत टाकून शोधा.

स्केल १:१००. डोकं लावायचं कामच नाही, एक मीटर म्हणजे एक सेंटीमीटर. मॉडेल १३१ सेंटीमीटर लांब, सव्वासतरा रुंद. रेलिंग खऱ्यात साधारण एक मीटर दहा, आपल्याकडे अकरा मिलिमीटर. आणि खरी गंमत वजनात आहे. वजन घनाच्या प्रमाणात कमी होतं, म्हणजे शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, दहा लाख. एक टन भागिले दहा लाख म्हणजे एक ग्रॅम. खऱ्या बोटीवर पाच टनाची लाइफबोट असेल तर तुमची लाइफबोट पाच ग्रॅमची पाहिजे, आणि तुम्ही बनवाल पंचवीस ग्रॅमची, पैज लावतो. अशा आठ बनवल्या की वर दोनशे ग्रॅम लटकले.

ड्रॉइंग मिळत नाही हे गृहीत धरा. लांबून, एकदम काटकोनात काढलेला बाजूचा फोटो घ्या (जवळून काढलेला चालत नाही, टोकं बारीक दिसतात), तो १३१ सेंटीमीटरला मोठा करा आणि प्लॉटरवर प्रिंट काढा. झेरॉक्सवाल्याला ए-झिरो सांगू नका, तो ११९ सेंटीमीटरच्या आसपास संपतो, रोलवर काढून दे म्हणायचं. तो विचारेल घराचा प्लॅन आहे का, हो म्हणा, वेळ वाचतो.

आता हिशोब, आणि हा भाग कृपया स्किप करू नका. पाण्यातली लांबी मी १२२ धरली, रुंदी १७.२, पाण्याखाली साडेपाच सेंटीमीटर. हे तिन्ही गुणा, आणि बोट काही खोका नसतो, नाळेला (पुढच्या टोकाला) आणि मागे निमुळती होते म्हणून त्याला ०.५५ ने गुणा. उत्तर येतं साधारण ६३०० घनसेंटीमीटर, म्हणजे बोट बरोबर सहा किलो तीनशे ग्रॅमची झाली की वॉटरलाइनवर, म्हणजे पाणी जिथवर यायला हवं त्या रेषेवर, बसणार. हे तुमचं बजेट, महिन्याच्या पगारासारखं. माझं वाटप ग्रॅममध्ये असं होतं: हल (बोटीचं खालचं अंग) १८००, बॅटऱ्या १४००, मोटर आणि शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) ६००, रिमोटचा रिसीव्हर-वायरी-लाइट ३००, वरचे सगळे मजले मिळून ११००, उरलेले ११०० तळाला शिसं.

आता बघा मी पहिल्या वेळी काय केलं. वरचे मजले तीन मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकचे लेझर कट करून आणले, काय सुंदर दिसत होते, वजन दोन किलोच्या वर. मग एकूण वजन जमवायला शिसं काढून टाकलं. म्हणजे वर वाढवलं आणि खालचं काढलं! अशा आकाराच्या बोटीचा गुरुत्वमध्य तळापासून साधारण साडेसात-आठ सेंटीमीटरच्या वर गेला की ती उभी राहायचं नाव घेत नाही. माझा गेला होता आठच्या वर. दुसऱ्या वेळी वरचं सगळं एक मिलिमीटर स्टायरीन शीटमध्ये (हलकं प्लास्टिक) केलं, गुरुत्वमध्य सहाच्या खाली आला, आणि तीच बोट आता मस्त चालते.

हल. मरीन प्लायच्या चार मिलिमीटर पट्टीचा कणा, त्याच्यावर दर सात-आठ सेंटीमीटरला एक आडवी फ्रेम. एमडीएफ स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, कुठून तरी पाणी लागलं की पापडासारखा फुगतो. फ्रेमच्या मधल्या जागा जाड थर्मोकोलने भरा, मग लांब लाकडी पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून घासत बसा, फ्रेमच्या कडा दिसेपर्यंत. घरात करू नका. मी बेडरूममध्ये केलं, ते पांढरे दाणे दिवाळीच्या साफसफाईपर्यंत सापडत होते आणि प्रत्येक दाण्यामागे बायकोचं एक वाक्य.

नंतर वरून ग्लास क्लॉथ आणि रेझिन. इथे एक मोठा खड्डा आहे. हार्डवेअरच्या दुकानात फायबरचं रेझिन मागितलं की बहुतेक ठिकाणी पॉलिस्टर देतात, तीव्र वासाचं, आणि ते थर्मोकोल खातं. म्हणजे अक्षरशः खातं, डोळ्यासमोर खड्डे पडत जातात, तुम्ही ब्रश हातात धरून बघत बसता. थर्मोकोलवर इपॉक्सीच पाहिजे. महाग आहे, माहितीये. दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला दोनशे ग्रॅम) कापडाचे दोन थर पुरतात, ग्लोव्ह्ज घाला, खिडकी उघडी. सुकलं की वरून लांबी (पुट्टी) भरून, वॉटर पेपरने घासून, परत लांबी, परत घासणे, हे चार-पाच वेळा, कंटाळा येईल तेव्हा अजून एकदा. मग आतला थर्मोकोल चमच्याने खरवडून काढा. पण नाळेत आणि अगदी मागे दोन ठोकळे तसेच ठेवा, पाणी शिरलं तर बोट लगेच बॅटऱ्यांसकट तळाला जाणार नाही.

मोटर दोन, १२ व्होल्टच्या साध्या ब्रशवाल्या, आणि बोट ढकलणारे तीन पात्यांचे ३५ मिलिमीटरचे दोन पंखे, एक डावीकडे फिरणारा एक उजवीकडे. दोन्ही एकाच बाजूला फिरणारे लावले तर बोट हळूहळू एका बाजूला ओढते आणि तुम्ही सुकाणूला शिव्या देता. शाफ्टच्या नळीत ग्रीस गच्च भरा, पाणी आत येण्याचा मुख्य रस्ता तोच. मोटर आणि शाफ्ट अगदी एका रेषेत आले पाहिजेत, नाहीतर मिक्सरमध्ये सुपारी टाकल्यासारखा आवाज येतो. मोटरच्या टोकांना छोटे सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, ब्रशच्या ठिणग्यांनी रिसीव्हर गोंधळतो.

बॅटरीवर लोकांची भांडणं होतात. लिथियम हलकी, पण आपल्याला तळाला वजन हवंच आहे ना, मग पैसे देऊन हलकं घ्यायचं आणि परत शिसं विकत घ्यायचं कशाला? भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असते ती ६ व्होल्ट साडेचार अँपिअर-अवरची लेड बॅटरी, दोन जोडल्या की १२ व्होल्ट, जवळजवळ दीड किलो, आणि कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. मध्यरेषेवर, तळाला टेकून, वेल्क्रोने घट्ट. बॅटरी आत सरकली तर वळताना बोट त्याच बाजूला झोपते.

वेग. जवळजवळ सगळे इथे चुकतात. १:१०० ला वेग शंभराने नाही भागायचा, शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे दहाने. साडेपंचवीस तासांत १००० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण अकरा मीटर, म्हणजे आपली बोट सेकंदाला एक मीटर दहा सेंटीमीटर. काठाने आरामात चालणारा माणूस तिच्या बरोबरीने जाईल इतकंच. त्याच्यावर पळवली की नाळेपुढे पाण्याचा डोंगर उठतो आणि क्रूझ शिपची स्पीडबोट दिसते. ट्रान्समीटरमध्येच थ्रॉटलला लिमिट लावून टाका, म्हणजे भाच्याच्या हातात दिला तरी टेन्शन नाही.

मजले प्रत्येकी साधारण पावणेतीन सेंटीमीटर. खिडक्या हाताने कापू नका, शीट लेझरवाल्याकडे द्या, पण स्टायरीन आहे हे आधी सांगा, कारण पॉवर जास्त ठेवली की कडा वितळतात. लाइटसाठी वॉर्म व्हाइट एलईडी, पांढऱ्याशुभ्र लावल्या तर बोट मेडिकल स्टोअरसारखी दिसते. आतून आधी काळा रंग मारा, त्यावर पांढरा. काळ्यामुळे भिंतीतून उजेड झिरपत नाही, पांढऱ्यामुळे आत पसरतो. आणि सगळ्या खिडक्या पेटवू नका! रात्री जहाजात निम्मे लोक झोपलेले असतात, दहातल्या तीन-चार खिडक्यांना मागून काळी टेप लावली की एकदम खरं वाटायला लागतं. दिसायला सगळ्यात मोठा फरक पडला तो या फुकटच्या टेपने.

रेलिंगला बारीक तांब्याची तार, जुन्या ट्रान्सफॉर्मरची चालते. प्लायवर खिळे ठोकून साचा करा आणि त्यावर सोल्डर करा, एका संध्याकाळी वीस सेंटीमीटर होतं, मालिका लावून बसा. धुराड्यातून धूर काढायचा किडा सगळ्यांना चावतो, मलाही चावला, पण ती अल्ट्रासॉनिक वाफेची डबी म्हणजे सगळ्यात उंच जागी हलणारं पाणी. मी काढून टाकली.

वरचा सगळा भाग एकत्र उचलता आला पाहिजे, झाकणासारखा, आणि हलच्या तोंडाला आतून दीड सेंटीमीटर उंच कड द्या म्हणजे वरून आलेलं पाणी आत जात नाही. रंग पावसाळ्यात मारू नका, हवेतल्या दमटपणाने लॅकर पांढरट पडतो आणि सगळं परत घासावं लागतं.

आता टेस्ट. वरचे मजले, लाइट, सगळं चढवून, बोट पाण्यात ठेवा, सोसायटीच्या पूलमध्ये सेक्रेटरीला गोड बोलून सकाळी सहाला जमतं. मासे पकडायच्या जाळ्याला लावतात ती शिशाची मणी घ्या, छोट्या पिशव्यांत भरून तळाला ठेवत जा, वॉटरलाइन सगळीकडून सारखी बसेपर्यंत, आणि मगच पक्की चिकटवा. मग बोट एका बाजूला थोडी दाबून सोडा आणि स्टॉपवॉचवर दहा डोलणी मोजा, इकडून तिकडे जाऊन परत आली की एक. दहाला नऊ-दहा सेकंद लागले तर पास. पंधरा-वीस लागले, म्हणजे ती आळसावून हळूच परत येतेय, तर ती उलटायच्या बेतात आहे, वरचं वजन कमी करा, वारा येईपर्यंत वाट बघू नका. कारण बोट शंभर पट लहान झाली तरी वारा लहान होत नाही, आणि आपल्या मजल्यांची भिंत म्हणजे त्याला शीडच. सहा सेकंदांत झाली तर उलट, खाली जास्त जड आहे, बुडणार नाही पण खेळण्यासारखी टकटक हलेल, थोडं शिसं वर सरकवा.

खरं चालवायला आमच्या मामाचं शेततळं. लाटा नाहीत, पाणी स्वच्छ, गर्दी नाही. पण शेततळ्याचा तो प्लास्टिकचा उतार ओला झाला की साबण लावल्यासारखा होतो, माणूस आत गेला की बाहेर येता येत नाही, पोहता येत असलं तरी. त्यामुळे काठावर खुंटीला बांधलेला दोर सोडून ठेवा, एकटं जाऊ नका, पोरांना कड्यापासून लांब, आणि बोट मध्ये बंद पडली तर आत उतरायचं नाही. टेनिस बॉलला लांब नायलॉनची दोरी बांधून पलीकडे फेकायची आणि दोघांनी दोन बाजूंनी ओढत आणायची. मामा पहिल्यांदा बघून म्हणाले, "एवढे पैसे घातलेस, माणसं किती बसतात?" मी म्हटलं एकही नाही. ते काही न बोलता शेतातली मोटर बंद करायला गेले.

घरी आणल्यावर झाकण काढून फॅनखाली रात्रभर ठेवा, शाफ्टमध्ये परत ग्रीस, बॅटऱ्या लगेच चार्ज. लेड बॅटरी रिकामी ठेवली की महिन्या-दोन महिन्यांत मरते, माझ्या दोन तशाच गेल्यात. आणि हो, बोट बांधायला घ्यायच्या आधी गाडीत आतून टेपने मोजून बघा, १३१ सेंटीमीटर मागच्या सीटवर आडवं जेमतेम बसतं, खोक्यासकट बसत नाही.