वाळवंटातल्या तळ्याकाठी आरव्हीचा मुक्काम कसा करावा

नळ नाही, विजेची जोडणी नाही, सांडपाणी सोडायची सोय नाही आणि आखून दिलेली जागाही नाही. अशा मुक्कामाला आरव्हीवाले, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून फिरणारे, ‘ड्राय कॅम्पिंग’ म्हणतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात लेक पॉवेलवरच्या लोन रॉक बीचसारख्या ठिकाणी थेट पाण्याजवळ गाडी उभी करता येते. तिथे पाणी संपलं किंवा बॅटरी उतरली तर एक दिवस आधी निघावं लागतं, एवढंच. गाडी रुतली तर मात्र निघताच येत नाही. म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ जागा निवडण्यावर घालवा.

निघण्यापूर्वी

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ उत्तम. दिवस-रात्रीच्या तापमानात १५ ते २० अंशांचा फरक पडतो, त्यामुळे दुपारी सावली आणि पहाटे जाड पांघरूण दोन्ही लागतं. परवाना कुणाचा लागतो ते आधीच पाहा. नेवाडातलं पिरॅमिड लेक हे पायूट जमातीच्या राखीव भूमीत आहे आणि तिथे जमातीचाच परवाना घ्यावा लागतो.

पाण्याचा हिशोब माणशी रोज १२ लिटर धरा: पिण्यासाठी ४, बाकी स्वयंपाक आणि धुण्यापुसण्यासाठी. दोघांना चार दिवसांसाठी ९६ लिटर होतात. त्यावर २० लिटर वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, कारण टाकीचा पंप बिघडला तर टाकीतलं पाणी असून नसल्यासारखं. टाकी बरेच दिवस बंद असेल तर दर लिटरमागे १ मिली बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून भरा, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवा आणि वास जाईपर्यंत धुऊन काढा. तळ्याचं पाणी टाकीत कधीही भरू नका. वाळवंटातल्या अनेक तळ्यांचं पाणी खारं असतं, शिवाय उन्हाळ्यात त्यात विषारी शेवाळ वाढतं. हिरवट साय दिसली तर कुत्र्यालाही पाण्यापासून दूर ठेवा.

सोबत लांब दांड्याचं फावडं, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दोन ट्रॅक्शन पट्ट्या, हवेचा दाब मोजायचं मीटर, जॅकखाली ठेवायला जाड प्लायवूडचे चौकोनी तुकडे आणि बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर हवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप ८० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) पोचता पोचता दम टाकतात.

जागा कशी पारखावी

गाडी पक्क्या रस्त्यावर उभी करा आणि पुढे पायी जा. टाच जोरात आपटा. एक-दोन सेंटिमीटर ठसा उमटला तर ठीक, बूट घोट्याकडे जायला लागला तर मागे फिरा. मग लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत दाबून पाहा. तो १५ सेंटिमीटर सहज आत गेला तर तिथे आरव्ही नेऊ नका, दुसऱ्याच्या जीपची चाकोरी दिसली तरी नाही. जीप दोन टनांची असते, मोटरहोम पाच ते दहा टनांचं.

सगळ्यांत फसवा असतो तो पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला पट्टा. वर पापडासारखी तडकलेली, पांढुरकी, कडक माती आणि खाली लोण्यासारखा गाळ. माणूस चालून जातो, तिला काही होत नाही. पुढची चाकंही कधीकधी निभावतात, पण मागच्या जोडचाकांखाली तो पापड फुटतो आणि गाडी आसापर्यंत बसते. बारीक खडी मिसळलेली, दबलेली जमीन शोधा. ती पाण्यापासून शंभर पावलं लांब असली तरी तीच घ्या.

पाण्याच्या पातळीपेक्षा निदान एक-दीड मीटर उंच राहा. धरणांच्या जलाशयांत पातळी बदलत राहते. लेक पॉवेलमध्ये रॉकी पर्वतातलं बर्फ वितळून मे-जूनमध्ये पाणी वर चढतं. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर मुळीच उभं राहू नका. डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही कित्येक किलोमीटर दूर पडलेल्या पावसाचा लोंढा तिथून येतो.

वाळूवरून जायचंच असेल तर टायरची हवा पाव हिश्शाने कमी करा, म्हणजे ८० पीएसआय असेल तर ६०. टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर विभागलं जातं. या दाबावर ताशी २० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका आणि वळणं मोठी घ्या. वाळूत ब्रेकही दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेक मारला की चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो.

रुतलीच तर अॅक्सिलरेटरवरून पाय लगेच काढा. फिरणारं चाक खाली खणत जातं आणि दहा सेकंदांत अर्ध्या तासाचं काम तासांवर नेतं. आसाखालची आणि चाकांमागची वाळू उकरून उतार करा, पट्ट्या चाकांना भिडवून ठेवा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे निघा. ती वाळू एकदा दबलेली असते, पुढची नसते.

उभी करणं

अमेरिकी आरव्हींचं दार आणि छत्री (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत) बहुधा उजव्या अंगाला असते. नाक पश्चिमेकडे ठेवलं की छत्री उत्तरेला येते आणि दिवसभर सावली मिळते. त्या भागात दुपारचा जोराचा वाराही बहुतेक वेळा पश्चिम किंवा नैर्ऋत्येकडूनच येतो, तो अंगावर न येता नाकावर येतो. पुढच्या काचेला मात्र चकाकता पडदा लावाच.

आधी डावं-उजवं समतल करा, मग चाकांना अडण्या लावा, मग पुढचं-मागचं. गॅसवर चालणारा शोषण प्रकारचा फ्रिज फार कललेल्या गाडीत नीट थंडावा देत नाही आणि असाच चालत राहिला तर कायमचा बिघडतो.

छत्री झोपताना आणि गाडी सोडून जाताना मिटा. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि ४० सेंटिमीटर खोल पुरा, मग ताण सहन होतो.

वीज आणि टाक्या

अँपिअर-तास हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप. १०० अँपिअर-तासाच्या लेड-अॅसिड बॅटरीतले ५०च वापरायचे असतात. २०० वॉटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ६० अँपिअर-तास परत देतं. दिवे, पाण्याचा पंप, फोन एवढ्याला ते पुरतं. छतावरचा एसी मात्र १३०० ते १५०० वॉट खातो. १२ व्होल्टवर ते १००हून जास्त अँपिअर होतात, म्हणून त्याला जनरेटरच लागतो. जनरेटरचा धूर वाऱ्याच्या दिशेने गाडीपासून दूर जाईल असा ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म निघण्यापूर्वी तपासा.

संडासाच्या टाकीत सुरुवातीलाच ८ लिटर पाणी घाला आणि व्हॉल्व्ह बंद ठेवा. पाणी कमी पडलं तर मैल्याचा ढीग साचून वाळतो आणि मग निघता निघत नाही. पाणी वाचवायचं ते भांडी घासताना. ताटं आधी कागदाने पुसून घ्या, मग घमेल्यात धुवा. ते पाणीही सांडपाण्याच्या टाकीतच जायला हवं, वाळूवर नाही.

रात्री आणि निघताना

बूट घालण्याआधी झटका. अतिनील किरणांच्या टॉर्चमध्ये विंचू हिरवट चमकतात, त्यामुळे झोपण्यापूर्वी पायरीभोवती एक फेरी मारली की कळतं. शेकोटीवर वाळू लोटू नका. पुरलेले निखारे तासन् तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी फिरणाऱ्या मुलाचा पाय भाजतो. पाणी ओता, ढवळा, हाताला गार लागेपर्यंत पुन्हा ओता.

कायाक किंवा बोट असेल तर आतलं सगळं पाणी काठावरच काढा, पुसा आणि वाळवा. नेवाडा-अॅरिझोना सीमेवरच्या लेक मीड जलाशयात २००७ साली क्वागा शिंपले, म्हणजे बाहेरून येऊन झपाट्याने पसरणारे उपद्रवी शिंपले, सापडले. बोटीत राहिलेल्या थोड्या पाण्यातूनही त्यांची पिल्लं दुसऱ्या तळ्यात पोचतात.

पक्का रस्ता लागला की थांबून सगळ्या टायरांत हवा पूर्ववत भरा. कमी हवेवर महामार्गाच्या वेगाने गेलं की टायर तापून फुटतो. त्याच थांब्यावर जनरेटरचं एअर फिल्टर उघडून आत साचलेली वाळू झटका.