पाणी ओसरलं, आता घाई नको: पूर आणि वादळानंतर घरात होणाऱ्या चुका

२०२१ साली गोव्याने सव्वादोन महिन्यांत दोन तडाखे खाल्ले. १५-१६ मेच्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून वर गेलं, माड-फणस विजेच्या तारांवर पडले आणि काही गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. मग २३ जुलैला म्हादई, वाळवंटी, खांडेपार या नद्या फुगल्या आणि सत्तरी, डिचोली, धारबांदोडा या तालुक्यांत पाणी घरांत शिरलं. आमचं घर डिचोली तालुक्यातल्या साखळी गावाकडचं. पाणी कमरेपर्यंत आलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलंही. त्याने नुकसान केलं ते केलंच, पण जवळपास तेवढंच नुकसान आम्ही पुढच्या पंधरवड्यात स्वतःच्या हातांनी केलं. त्यातलं बरंचसं टाळता आलं असतं.

वीज: ‘चालतो का बघूया’

पहिली चूक उंबरठ्यावरच होते. घरात घोटाभर पाणी असताना माणूस मेन स्विच बंद करायला थेट आत शिरतो. मीटरपर्यंत जायला पाण्यात उभं राहावं लागत असेल तर तिथे जाऊच नका. वीज खात्याच्या १९१२ या नंबरला फोन करून खांबावरून जोडणी तोडायला सांगा. आणि मेन बंद झाला म्हणून निर्धास्तही होऊ नका. इन्व्हर्टर असलेल्या घरात काही बोर्ड मेन बंद असतानाही जिवंत असतात, हे भल्याभल्यांच्या ध्यानात राहत नाही.

फ्रिज, मिक्सर, पंप या वस्तू बाहेरून कोरड्या दिसल्या की हात शिवशिवतो. माझाही शिवशिवला. विहिरीवरचा पंप दोन दिवस पडवीत ठेवला, बाहेरून पुसला आणि बटण दाबलं. एक घुर्र आवाज आला, मग जळका वास. वाइंडिंगवाल्याने मोटर उघडली तेव्हा तारांच्या वेटोळ्यांत लाल गाळ बसलेला होता, लोण्यासारखा मऊ. तो म्हणाला, “न लावता आणली असतीत तर धुऊन, सुकवून, बेअरिंग बदलून भागलं असतं. आता सगळं वाइंडिंग नवं.” बुडालेली गाडी असो की मोटर, नियम एकच: चावी फिरवायची नाही, बटण दाबायचं नाही. गाडीच्या इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ‘इंजिन मालकाने बिघडवलं’ असं म्हणायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं.

वादळानंतर वीज गेलेली असताना जनरेटर घरात किंवा बंद पडवीत लावू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासावरून कळत नाही. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसणं तर त्याहून वाईट. ती वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला लागते.

गाळ आणि ॲसिड

गाळ ओला असतानाच काढायचा. ‘थोडा सुकू दे, मग फावड्याने निघेल’ असा विचार केला तर तो लाद्यांच्या फटींत सिमेंटसारखा बसतो. पण मातीच्या भिंतींचं घर असेल तर नळीचा जोराचा फवारा भिंतीवर मारू नका. पाण्यात असताना तग धरलेली मातीची भिंत पुष्कळदा पाणी उतरल्यावर खचते. भिंत फुगलेली किंवा पायथ्याशी चिरलेली दिसली तर त्या खोलीत झोपायचं नाही, मग वर कौलं कितीही शाबूत असोत.

आणखी एक चूक मी शेजारच्या न्हाणीघरात होताना पाहिली. ब्लीचिंग पावडर टाकून झाली, वास जाईना, म्हणून वर टॉयलेटचं ॲसिड ओतलं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. शेजारी खोकत खोकत बाहेर आले ते संध्याकाळपर्यंत ओसरीवरच बसून होते. एका वेळी एकच औषध वापरायचं आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या.

विहीर: सगळ्यात जास्त चुका इथेच

पुराचं पाणी विहिरीत गेलं की सगळे पंप लावून तळ दिसेपर्यंत उपसायला बसतात. इथे थांबा. भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब असते. विहीर एकदम रिकामी केली की बाहेरच्या पाण्याचा दाब चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) बांधणीवर येतो आणि ती आत कोसळू शकते. थोडं थोडं उपसा, मध्ये थांबा, गाळ खाली बसू द्या. सेप्टिक टँकचंही तसंच. जमीन ओली असताना टँक पूर्ण रिकामी केली तर ती वर उचलली जाते किंवा फुटते.

मग ब्लीचिंग पावडर. साधारण हिशेब असा की ताज्या, चांगल्या पावडरचे अडीच ग्रॅम हजार लिटर पाण्याला. तीन मीटर व्यासाची विहीर, त्यात चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. हे रोजच्या विहिरीचं माप झालं. पुरानंतर मात्रा वाढवायची का आणि किती, ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माणसाला विचारा. ते येऊन पाणी तपासूनही देतात.

पण माप बरोबर असूनही पद्धत चुकते. आमच्याकडे वर्षानुवर्षं कागदात मूठभर पावडर घेऊन विहिरीत भिरकावत. तिचा चुना तळाला जातो, पाणी जड होतं आणि क्लोरीन सगळीकडे पोहोचतच नाही. बादलीत थोडं पाणी घालून पावडरची पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, खालचा साका टाकून द्या. ती बादली दोरीने विहिरीत सोडून पाण्याखाली वरखाली हलवा. हे संध्याकाळी पाणी भरून झाल्यावर केलं तर क्लोरीनला रात्रभर वेळ मिळतो. किमान तासभर तरी पाहिजेच. पाणी गढूळ असताना पावडर वाया जाते, म्हणून आधी गाळ बसू द्यायचा. आणि मागच्या वर्षी उघडलेली पिशवी? गोव्याच्या दमट हवेत तिच्यात फारसा दम उरलेला नसतो. नवी आणा. तपासणी होईपर्यंत प्यायचं पाणी खळखळून उकळा. पाण्याला डिझेल किंवा तेलाचा वास येत असेल तर उकळूनही ते पिऊ नका, कारण तेल उकळून जात नाही.

पुरुमेत

जुलैत पूर येतो तो नेमका घरात पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलेलं असताना. मे महिन्यात उन्हं बघून भरलेलं ते सगळं: तांदळाची पोती, सुक्या मिरच्या, सोलं (कोकमं), खारं (खारवलेली सुकी मासळी), लोणच्याच्या बरण्या. हे टाकायला हात धजत नाही. आमच्या आईने भिजलेला तांदूळ सूप घेऊन निवडायला घेतला होता. “धुऊन उन्हात घातला तर काय होतंय?” मी म्हटलं, “आई, उन्ह कुठे आहे?” ती गप्प झाली आणि सूप तसंच मांडीवर धरून बसली. तांदूळ आम्ही चौथ्या दिवशी टाकला. तोवर त्याला हिरवट बुरशी धरली होती आणि त्या वासाने कोठीची खोली महिनाभर भरून राहिली. पहिल्याच दिवशी टाकायला हवा होता. बुरशीतलं विष शिजवून जात नाही.

कापडाने तोंड बांधलेली बरणी टाका, फिरकीच्या झाकणाचीही टाका. झाकणाच्या आट्यांत पुराचं पाणी बसतं. कारखान्यातून सीलबंद आलेला, न फुगलेला, न गंजलेला पत्र्याचा डबा तेवढा बाहेरून साबणाने आणि क्लोरीनच्या पाण्याने धुऊन ठेवता येतो. स्टीलची भांडी उकळून घ्या. भेगा पडलेले लाकडी पोळपाट आणि कलथे ठेवण्यात अर्थ नाही.

चवथीच्या आत रंग

त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, १० सप्टेंबरला होती. पूर गेला आणि पाचव्या दिवसापासून घराघरांत एकच विषय: रंग. गणपती बसायचा त्या खोलीच्या भिंतीवर पुराची तपकिरी रेघ कशी ठेवायची? आम्ही ऑगस्टच्या मध्याला पुट्टी लावून वर प्लास्टिक पेंट मारला. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायच्या दिवशी भिंत सुंदर दिसत होती. दिवाळीपर्यंत तिला फोड आले, नोव्हेंबरात पापुद्रे हातात यायला लागले आणि खाली पांढरं मीठ फुटलेलं. चिरा पाणी स्पंजसारखं धरून ठेवतो. पावसाळ्यात तर तो बाहेरूनही पाणी घेतच असतो. वरून प्लास्टिकचा थर दिला की ते पाणी अडकून बसतं.

भिंत सुकली का, हे बघायचा साधा उपाय आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. मागे घाम आलेला असेल तर रंगाचं नाव काढू नका. बोटाने टकटक केल्यावर पोकळ वाजणारा गिलावा काढून टाका आणि चिरा उघडा राहू द्या. चवथीपुरती चुन्याची सफेदी पुरते. ती भिंतीला श्वास घेऊ देते आणि स्वस्तही पडते.

दारांचं तर आम्ही हसं करून घेतलं. फुगून घट्ट बसलेल्या दाराला सुताराकडून लगेच रंधा मारून घेतला. डिसेंबरात लाकूड सुकलं आणि दाराखालून मांजर ये-जा करू लागलं.

ताप, साप, कागद

चिखलात उघड्या पायांनी काम केल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढू नका. लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार असू शकतो. डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे आपण होऊन सांगा, त्यांना विचारावं लागू नये. गमबूट घाला. भिजलेल्या कपड्यांचा ढीग हातांनी न उचलता आधी काठीने सरकवा. घोणस, नाग, मण्यार हे आपल्यासारखेच कोरडी जागा शोधत आलेले असतात. दंश झाला तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

साफसफाईच्या उत्साहात आम्ही सगळं सामान रस्त्यावर टाकलं आणि ते कचऱ्याच्या गाडीत गेलंही. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा दाखवायला भिंतीवरची रेघ तेवढी होती. आधी फोटो काढा, प्रत्येक खोलीचे, पाण्याची रेघ दिसेल असे. मगच झाडू हातात घ्या. भिजलेले दस्तऐवज इस्त्रीने सुकवू नका. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून वीज असलेल्या कोणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवड झाली की एकेक पान सावलीत सुकवा.

ती रेघ आम्ही रंगाखाली घालवली होती. फोड आलेला रंग खरवडताना ती पुन्हा दिसली. आता कोठीच्या दारामागे तिच्यावर पेन्सिलने तारीख घातली आहे, आणि पुरुमेताची फळी तिच्या वर दीड हातावर ठोकली आहे.