कपाट आधी मोजा, डबे नंतर आणा

कपाट आवरायचं मनात आलं की पाय आधी दुकानाकडे वळतात. एकसारखे डबे, विणलेल्या टोपल्या, ड्रॉवरमध्ये बसणारे जाळीचे कप्पे हे सगळं तिथे इतकं नेटकं मांडलेलं असतं की ते घरी आणलं म्हणजे पसारा आपोआप जागेवर बसेल असं वाटतं. मग टोपली दोन सेंटीमीटर लांब निघते, दार लागत नाही, आणि आवरण्यासाठी आणलेली वस्तूच अडगळीत जाऊन पडते. खरेदीची पाळी फार उशिरा येते. तिच्या आधी कपाट रिकामं करणं, वाटणी, मोजमाप आणि वजनाचा हिशोब व्हायला हवा. इथे कपड्यांचं कपाट धरून सांगितलं आहे, पण हाच क्रम पुस्तकांच्या किंवा हत्यारांच्या कपाटालाही चालतो.

एका वेळी एकच कपाट घ्या आणि ते पूर्ण रिकामं करा. एकेक खण आवरत गेलं की वस्तू फक्त या खणातून त्या खणात फिरतात. दीड-दोन मीटर रुंदीच्या कपाटाला तीन-चार तास लागतात, तेवढा वेळ हातात असेल तेव्हाच सुरुवात करा. बाहेर काढलेल्या कपड्यांची वाटणी ते कसे ठेवायचे यावरून करा: टांगायचे आखूड, टांगायचे लांब, घडीचे, आणि मोजे-पट्ट्यांसारख्या सुट्या वस्तू. लोकरीचे आणि विणलेले कपडे घडीतच ठेवा. हँगरवर ते स्वतःच्या वजनाने लांबतात आणि खांद्यावर फुगवटे उमटतात. ठेवू की काढू असा प्रश्न पडलेले कपडे एका खोक्यात घालून वर तारीख लिहा. सहा महिन्यांत ज्याला हात लागला नाही, त्याचा निर्णय झालेला असतो.

आता मोजणी. टांगायचे नग किती आणि घड्यांचे ढीग किती, हे आकडे कागदावर लिहा. पुढचा सगळा हिशोब यावर उभा राहतो.

मोजमाप

शिवणकामाची कापडी टेप घेऊ नका, ती वापराने ताणली जाते. स्टीलची टेप घ्या आणि मिलिमीटरमध्ये लिहा. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत कमी आकडा खरा धरा. भिंतीत बसवलेल्या कपाटात या तीन मापांत एखाद-दोन सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही, आणि अगदी घट्ट मापाचा ड्रॉवर तिथे अडकणार.

खोली मोजताना मागच्या फळीपासून बंद दाराच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत मोजा. फक्त बाजूच्या फळीच्या कडेपर्यंत मोजलं तर दाराला आतून लावलेला आरसा किंवा हुक हिशोबात येत नाही. सरकत्या दारांचे रूळ तर आतली सुमारे १० सेंमी खोली खातात.

सर्वाधिक चुका होतात त्या दाराच्या मोकळ्या जागेत. कपाट आतून ९०० मिमी असेल, पण पुढे चौकटीची पट्टी असेल किंवा दार ९० अंशांतच थांबत असेल, तर वस्तू आत जायला ८५० मिमीच मिळतात. दार उघडल्यावर बिजागऱ्या आत किती येतात ते पाहा. आतला ड्रॉवर बाहेर येताना याच बिजागऱ्यांना धडकतो. उपाय साधा आहे: बिजागरीच्या बाजूला फळीला एक जाड पट्टी मारून ड्रॉवर तेवढा कपाटाच्या मध्याकडे सरकवायचा.

दांडी कुठे लावायची

मोठ्यांच्या कपड्यांचा हँगर साधारण ४२ ते ४५ सेंमी रुंद असतो. त्यावर बाह्या धरल्या की ५५ ते ६० सेंमी खोली लागते. म्हणून दांडीचा मध्य मागच्या फळीपासून २८ ते ३० सेंमीवर ठेवा. कपाट ४० सेंमी खोलच असेल तर आडवी दांडी लावू नका. तिथे मागून पुढे जाणारी, समोर ओढता येणारी दांडी लावा किंवा सरळ फळ्या करा.

शर्ट आणि जॅकेटला दांडीखाली सुमारे १०० सेंमी मोकळी जागा पुरते. हँगरवर दुमडून टाकलेल्या पँटला ७५ सेंमी, पायाकडून चिमट्याने टांगलेलीला १२० सेंमी आणि लांब झग्यांना किंवा ओव्हरकोटला १५० ते १६५ सेंमी लागते. आखूड कपडे जास्त असतील तर एकावर एक दोन दांड्या लावा: खालची जमिनीपासून सुमारे १०० सेंमीवर, वरची २०० ते २१० सेंमीवर. टांगायची जागा जवळजवळ दुप्पट होते, आणि कपाट सुधारण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही. वरच्या दांडीला ज्याचा हात पोचत नाही, त्याचे कपडे मात्र खालीच ठेवा.

लांबीचा हिशोब असा: शर्टामागे अडीच सेंमी, जॅकेटमागे चार ते पाच, जाड कोटामागे सात-आठ. म्हणजे ४० शर्टांना एक मीटर दांडी. पातळ, मखमली लेपाचे हँगर घेतले तर शर्टामागे दीड-दोन सेंमीत भागतं. कपडे त्यावरून घसरतही नाहीत. मात्र ओला कपडा त्यावर टांगू नका, लेपाचा रंग उतरू शकतो. दांडी एक मीटरहून लांब झाली की मध्ये आधार हवाच. दांडी आणि वरची फळी यांत ५ ते ६ सेंमी अंतर सोडा, नाहीतर हँगरचा हुक उचलून काढता येत नाही.

फळ्या का वाकतात

घडीच्या कपड्यांना दोन फळ्यांत ३० सेंमी अंतर ठेवा. ४५ सेंमी ठेवलं की ढीग उंच होतो, खालचा कपडा ओढताना सगळा कोसळतो, आणि आठवड्यात कपाट पूर्वीसारखं होतं. ढीग २५ सेंमीपेक्षा उंच जायला जागाच मिळू नये.

फळीच्या लांबीचा हिशोब फार जण करत नाहीत. वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर लांबी दुप्पट केल्यावर बाक सोळापट होतो. जाडी वाढवल्यावर तो घनाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून १८ मिमीऐवजी २५ मिमी फळी अडीचपटीहून जास्त ताठ असते. १८ मिमी पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा चुरा दाबून केलेली) फळी कपड्यांसाठी ८० ते ९० सेंमीपर्यंत चालते. पुस्तकं ठेवणार असाल तर ६० ते ७० सेंमीवर थांबा, कारण भरलेल्या मीटरभर फळीवर २५-३० किलो वजन सहज येतं. पार्टिकल बोर्ड आज सरळ दिसला तरी तेच वजन वर राहिलं तर महिनोन्‌महिने हळूहळू वाकत राहतो. वाकलेली फळी उलटी करून लावणं हा काही दिवसांचाच उपाय आहे. समोरच्या कडेखाली ३५-४० मिमी उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवून स्क्रू मारा, तिने खरा फरक पडतो.

कपाटाच्या बाजूच्या फळ्यांना आतून भोकांच्या रांगा असतील तर दोन भोकांतलं अंतर मोजा. बहुतेक कारखानी कपाटांत ते ३२ मिमी असतं आणि भोक ५ मिमी व्यासाचं. हे जुळलं की फळीच्या पिना आणि बरेचसे आतले सामान वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी बसतात.

नवा ड्रॉवर बसवायचा तर बॉल-बेअरिंगच्या चॅनेलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्टीला) प्रत्येक बाजूला सुमारे १३ मिमी सोडावे लागतात. आतली रुंदी ५०० मिमी असेल तर ड्रॉवरची पेटी बाहेरून ४७४ मिमी. एखादा मिलिमीटर कमी झाला तर चालतो, पण जास्त झाला तर ड्रॉवर जड चालतो आणि चॅनेलमधल्या गोळ्या लवकर खराब होतात. चॅनेल ५० मिमीच्या टप्प्यांत मिळतात: ३५०, ४००, ४५०, ५००. कपाटाच्या खोलीपेक्षा लहान असा सर्वांत जवळचा टप्पा घ्या.

आता दुकान

जाताना मोजमापाचा कागद, टेप बाजूला धरून काढलेला कपाटाचा फोटो आणि नगांची यादी बरोबर घ्या. डब्याच्या चिठ्ठीवर बहुतेकदा बाहेरचं माप असतं आणि तेही काठाशी घेतलेलं. डबे एकात एक बसावेत म्हणून खाली निमुळते केलेले असतात, त्यामुळे तळाशी प्रत्येक बाजूला दोन-तीन सेंमी जागा जाते. तळ स्वतः मोजा. फळीवर दोन डबे शेजारी ठेवायचे तर रुंदीतून एकूण २ सेंमी वजा करा, आणि बोटं घालून ओढता यावं म्हणून वर ३ ते ५ सेंमी मोकळे सोडा.

रोजच्या वस्तूंना झाकण नको. झाकण उघडायचं म्हटलं की वस्तू झाकणावरच ठेवली जाते. पारदर्शक डबा उंच फळीवर, अपारदर्शक डोळ्यांच्या पातळीवर. पहिल्याच दिवशी सगळे डबे घेऊ नका. दोन-तीन आणून आठवडाभर वापरा, मग उरलेले त्याच मालिकेतले घ्या, आणि एक-दोन जास्तीचे.

जास्तीचे घ्यायचं कारण असं की या धंद्यात मालिका बंद पडतात आणि दुकानंही. १९७८ मध्ये अमेरिकेत डॅलसला सुरू झालेल्या द कंटेनर स्टोअर या डबे-टोपल्यांच्या दुकानांच्या साखळीने १९९९ मध्ये स्वीडनची एल्फा ही रूळ-फळ्यांची कंपनी घेतली. इतक्या जुन्या साखळीलाही डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज करावा लागला. उलट उदाहरणही आहे. आयकियाने २०१४ मध्ये एक्सपेडिट हे चौकोनी खणांचं शेल्फ बंद करून कॅलॅक्स आणलं, पण आतला चौकोन सुमारे ३३ सेंमीचाच ठेवला, त्यामुळे जुन्या टोपल्या नव्या शेल्फातही बसल्या. रूळ आणि ब्रॅकेट असलेली भिंतीवरची रचना घेताना खाचांचं अंतर लिहून ठेवा आणि दोन-चार ब्रॅकेट जादा घ्या. दोन कंपन्यांचे रूळ दिसायला सारखे असले तरी खाचा जुळतीलच असं नाही.

माल परत घेण्याची मुदत विचारा, आणि डबा कपाटात बसवून पाहीपर्यंत चिठ्ठी सोलू नका. कापून दिलेल्या फळ्या बहुतेक दुकानं परत घेत नाहीत.

भिंत आणि आतली हवा

उंच कपाट किंवा ड्रॉवरचं टेबल भिंतीला जखडल्याशिवाय भरू नका. वरचे दोन-तीन ड्रॉवर एकदम उघडले किंवा त्यांवर मूल चढलं की वजन पुढे येतं आणि सगळं आडवं होतं. २०१६ मध्ये अमेरिकेत याच कारणाने सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवण्यात आली. भरीव विटेत आणि काँक्रीटमध्ये साधा प्लग (स्क्रू पकडून ठेवायला भोकात घालतात ती नळी) चालतो. पोकळ विटेत किंवा हलक्या ब्लॉकमध्ये तो फिरतो, तिथे त्या भिंतीसाठी बनवलेलाच प्लग घ्या. भिंत प्लास्टरबोर्डची (जिप्समच्या पातळ पत्र्यांची) असेल तर मागचा सांगाडा शोधून स्क्रू त्यातच जाऊ द्या. जड वस्तू नेहमी खालच्या खणात.

बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे २-३ सेंमी हवा खेळू द्या, नाहीतर बुरशी मागच्या फळीपासून सुरू होते. हवा काढून बंद करायच्या पिशव्यांत जाड गोधड्या आणि पांघरुणं ठेवा. पिसांची जॅकेटं आणि चामडं त्यांत महिनोन्‌महिने दाबून ठेवलं तर पिसं फुलत नाहीत आणि चामड्यावर कायमच्या घड्या पडतात. आत जाणारा कपडा धुतलेला आणि पूर्ण वाळलेला हवा. कसर घामाच्या आणि तेलाच्या डागांवरच आधी येते. नॅप्थलीनच्या गोळ्या वापरत असाल तर त्यांबरोबर दुसऱ्या जातीच्या गोळ्या किंवा कापूर ठेवू नका. एकत्र आल्यावर त्यांचा वितळणांक खाली येतो, त्या पाझरतात आणि कपड्यांवर न निघणारे डाग पडतात.

डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या सर्वांत शेवटी, तीन-चार आठवडे कपाट वापरून झाल्यावर लावा. तोवर कोणती वस्तू कुठे ठेवायची हाताला सवय होते ते कळतं आणि दोन-तीन डब्यांची जागा हमखास बदलते.