हळदीच्या पट्टीत 'नेम'चा घोळ

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत. हिशेबनिसांनी एक्सेलमध्ये केलेली पट्टी माझ्या लिब्रेऑफिसात (एक्सेलसारखंच काम करणारं फुकट सॉफ्टवेअर) उघडली, तर आकडे बरोबर. पण एका शेतकऱ्याचा कोड बदलला आणि नावाच्या जागी '#नेम?' उमटलं. समोर शेतकरी ताटकळलेला!

सेलमध्ये डोकावलो तर सूत्र एक्सलुकअपचं, म्हणजे कोडावरून नाव शोधून देणाऱ्या फंक्शनचं. माझं कॅल्क (लिब्रेऑफिसातला हिशेबाच्या तक्त्यांचा भाग) ७.३, त्याला हे फंक्शनच ठाऊक नाही. आधी दिसलेले आकडे फाइलीत साठवलेले, म्हणजे शिळेच. लिब्रेऑफिसच्या ऑगस्ट २०२४ च्या २४.८ आवृत्तीत एक्सलुकअप, फिल्टर, सॉर्ट, युनिक अशी फंक्शन्स आली.

नवी आवृत्ती टाकली, मेलवरची मूळ फाइल पुन्हा उतरवली (माझी सेव्ह केलेली बिघडली असेल, ही धास्ती) आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबून सगळं नव्याने मोजून घेतलं. नावं जागेवर आली. टूल्स, ऑप्शन्स, कॅल्क, फॉर्म्युला इथे फाइल उघडताना पुन्हा मोजायचं 'ऑल्वेज' केलं. मोठी फाइल जरा रेंगाळते, रेंगाळू दे.

व्हीलुकअप या जुन्या शोध-फंक्शनला कोड पहिल्याच रकान्यात लागायचा, म्हणून मी रकाने इकडचे तिकडे करत बसायचो. ती कटकट गेली. हिशेबनिसांना मात्र अजून वाटतं, मी एक्सेल विकत घेतलं.