इंग्लंडमध्ये शाळेने दारूचा परवाना मागितला तर हरकत कशी घ्यावी

शाळेच्या फाटकावर फिकट निळा कागद, म्हणजे परवान्याच्या अर्जाची जाहीर सूचना, दिसला की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हरकतीची शेवटची तारीख त्यावरच छापलेली असते. मुदत २८ दिवसांची. ती हुकली की संपलं.

हरकत कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) लायसन्सिंग म्हणजे परवाना विभागाकडे लेखी द्यायची. २००३च्या परवाना कायद्यात (लायसन्सिंग अ‍ॅक्ट) चारच मुद्दे चालतात: गुन्हे व गैरवर्तन, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव आणि मुलांचं संरक्षण. बहुतेक पत्रं इथेच फसतात. ‘शाळेत दारू शोभत नाही’ हे कितीही पटलं तरी निर्णय घेणाऱ्या कौन्सिलच्या समितीच्या लेखी शून्य. त्याऐवजी लिहा: ‘हॉलच्या खिडक्या आमच्या बेडरूमपासून बारा मीटरवर आहेत, अर्ज रात्री ११पर्यंतचा आहे.’ मग मागणी जोडा: दारूविक्री ९:३०ला बंद, गाणी चालू असताना खिडक्या बंद, मुलांच्या कार्यक्रमात बार नाही. सरसकट नकारापेक्षा अशा अटी पदरात पडण्याची शक्यता जास्त. एकाच मजकुराच्या वीस प्रती काढू नका. प्रत्येकाने आपल्या घराचं लिहावं. पत्र अर्जदारालाही जातं, तेव्हा भाषा जपून.

एखाद्याच संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर शाळा बहुधा परवान्याऐवजी कौन्सिलला तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस देते: ४९९ माणसांपर्यंत, जास्तीत जास्त १६८ तास. तिथे शेजाऱ्यांना हरकतीचा हक्कच नाही. तो फक्त पोलिस आणि कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाला. त्यामुळे गोंगाट झाला की तारीख-वेळेसह तक्रार त्या विभागाकडे लगेच नोंदवा. पुढच्या नोटिशीच्या वेळी तीच नोंद कामी येते.