गाडीच्या पुढच्या दारांचे स्पीकर बदलताना आधी दाराचं बघा

महागाचे स्पीकर बसवूनही आवाज पोकळ येत असेल, तर दोष बहुतेक वेळा दारात असतो. पातळ पत्रा थरथरतो आणि कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) मागची हवा फटीतून पुढे येऊन बास मारते. म्हणून थोडे पैसे दारासाठी राखूनच खरेदीला निघा.

दारातल्या स्पीकरच्या भोकाचा व्यास मोजा, आणि काच पूर्ण खाली घेऊन आतली खोलीही. पुष्कळ गाड्यांत साडेसहा इंची बसतो. कंपनीचाच स्टिरिओ ठेवणार असाल तर ४ ओहमचे, ९० डेसिबलच्या वर सेन्सिटिव्हिटी असलेले, म्हणजे कमी वॉटमध्येही मोठे वाजणारे घ्या. असा स्टिरिओ एका चॅनलला जेमतेम १५-२० वॉट देतो. खोक्यावरचे ३०० वॉट वाचून भुलू नका.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. हँडलमागचे स्क्रू काढून ट्रिम (दाराचं आतलं आवरण) खालच्या कोपऱ्यातून प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. जुन्या गाडीच्या क्लिपा हमखास तुटतात, सहा-आठ जवळ असू द्या.

ट्रिममागचा प्लॅस्टिक कागद मात्र फाडायचा नाही. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतंच, ते तळाच्या भोकांतून बाहेर जातं. गाडीत येण्यापासून त्याला हाच कागद अडवतो. बेळगावजवळच्या खानापूर-चोर्ला भागातल्या पावसात तो फाटका राहिला की पायाखालची मॅट भिजलीच समजा. त्याचा काळा चिकट गोंद ब्लेडने हळू सोडवा.

जुना स्पीकर रिव्हेटचा असेल तर रिव्हेट ड्रिलने उडवा. खाली पडलेला कीस सगळा टिपून घ्या, नाहीतर तिथूनच गंज धरतो.

आता बाहेरचा पत्रा आतून स्पिरिटने पुसून कोरडा करा आणि पत्र्याची थरथर थांबवणारी २ मिलिमीटरची ब्युटिल (चिकट रबरी) शीट रोलरने दाबून बसवा. एक तृतीयांश भाग झाकला तरी पुरे. बोटाने टिचकी मारा: आधी ‘टण्ण’ वाजत होतं, आता ‘ठप्प’ वाजेल. ओलसर पत्र्यावर शीट धरत नाही, तेव्हा हे काम वळवाआधीच उरका. तळाची भोकं उघडीच ठेवा.

स्पीकर ज्यावर बसतो ती रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) नको. पाणी पिऊन ती फुगते, स्क्रू सैल होतात. १२ मिलिमीटरची पीव्हीसी किंवा नायलॉनची रिंग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कापून घ्या आणि दोन्ही बाजूंना फोम टेप लावा. फट राहिली तर सगळी मेहनत वाया.

मूळ तार कापण्यापेक्षा गाडीच्या मूळ प्लगात बसणारा कपलर (जोडणी) आणा. प्लस-मायनसची शंका असेल तर स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की कोन बाहेर येतो. दोनपैकी एक दार उलटं जोडलं गेलं, तर बास गायब होतो आणि गायकाचा आवाज समोर न ठरता विखुरतो.

कागद जागेवर चिकटवा, काच दोनदा वर-खाली करा, मग काचेवर तांब्याभर पाणी ओता. ते दाराखालून गळलं आणि कागदाच्या सीटकडच्या बाजूला थेंबही आला नाही, तरच ट्रिम लावा.